पायथनमध्ये वेबसॉकेट चॅट ॲप: कुठल्या क्रमाने बांधायचं आणि लोक नेमकं कुठे अडकतात

दरवर्षी प्रोजेक्ट सबमिशनच्या आधी दोन-तीन जण तरी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात आणि सगळ्यांची तक्रार एकच असते, दोन टॅबमध्ये चॅट मस्त चालतं पण तिसरा टॅब बंद केला की सर्व्हर लाल अक्षरं ओकायला लागतो, किंवा फोनवरून जोडलेला माणूस निघून गेला तरी यादीत तसाच बसून राहतो. कोड बघितला की कळतं, आधी रंगीत पेज बनवलंय, मग मेसेज पाठवलाय आणि माणूस गेला तर काय करायचं हे शेवटी चिकटवलंय. क्रम उलटा झालाय. मेसेज पाठवणं चार ओळींचं काम आहे, खोलीत आत्ता कोण आहे आणि कोण गेलं याची नोंद चोख ठेवणं हे यातलं खरं काम, म्हणून तेच आधी बांधायचं.

वेबसॉकेट म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली सतत उघडी राहणारी जोडणी, जिच्यावरून दोघेही हवं तेव्हा मेसेज पाठवू शकतात. तिच्यावर आपण एकच खोली असलेलं चॅट बनवणार आहोत. नाव टाकून आत यायचं, आलं-गेलं सगळ्यांना दिसायचं, शेवटचे ५० मेसेज नव्या माणसाला मिळायचे आणि नेट तुटलं तर आपोआप परत जोडायचं. तयार कोड मुद्दाम चिकटवलेला नाही, कारण तीन वेगवेगळ्या ठिकाणचा तीन वेगवेगळ्या वर्षांतला कोड एकत्र केला की काय होतं ते मी खूप वेळा बघितलंय. काय लिहायचं ते ओळीओळीने सांगतो, टाईप तुम्ही करा. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत आहेत, तुम्ही अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने लिहाल.

## टप्पा ०: तयारी

पायथन ३.१० किंवा त्यापुढचं घ्या. प्रोजेक्टचा वेगळा फोल्डर करा, त्यात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा आणि ती चालू करूनच पुढे जा. मग पिपने (पायथनची पॅकेजं टाकणारा प्रोग्राम) वेबसॉकेट्स ही लायब्ररी टाका. शेवटच्या "स्" कडे लक्ष द्या! वेबसॉकेट-क्लायंट नावाचं वेगळंच पॅकेज आहे, ते इम्पोर्ट करताना "स्" नसलेलं नाव लागतं आणि त्यात सर्व्हर मुळी नाहीच. निम्मे लोक इथेच फसतात, चुकीचं पॅकेज टाकतात आणि मग सर्व्ह फंक्शन सापडत नाही म्हणून तासभर शोधत बसतात.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे फाईलचं नाव. तुमच्या फाईलला लायब्ररीचंच नाव दिलंत तर पायथन लायब्ररीऐवजी तुमचीच फाईल उचलतो आणि एरर असा येतो की काही अर्थबोध होत नाही. असिंकआयओ (एकाच वेळी अनेक कामं सांभाळणारी पायथनची स्वतःची लायब्ररी) या नावाचीही फाईल नको. सर्व्हर डॉट पीवाय असं साधं नाव ठेवा.

तिसरी गोष्ट व्हर्जन. ही लायब्ररी १४ व्या व्हर्जनपासून नव्या अंमलबजावणीवर गेली. जुन्या ट्युटोरियलमध्ये हँडलर फंक्शनला (जोडल्या गेलेल्या प्रत्येक माणसासाठी चालणारं तुमचं फंक्शन) दोन आर्ग्युमेंट दिसतील, वेबसॉकेट आणि पाथ. आता फक्त एकच लागतं. जुना कोड चिकटवलात तर पाथ नावाचं आर्ग्युमेंट मिळालं नाही अशी तक्रार येते आणि पहिलं कनेक्शन तिथेच बंद पडतं.

आणि हो, सॉकेट डॉट आयओ आणि वेबसॉकेट एक नव्हेत. सॉकेट डॉट आयओ स्वतःचं वेगळं पाकीट वेबसॉकेटच्या वर चढवतं. पेजवर त्याचा क्लायंट आणि मागे आपला साधा वेबसॉकेट सर्व्हर ही जोडी कधीच जुळणार नाही, कितीही पोर्ट बदलले तरी.

तपासा: पिप शो करून व्हर्जन १४ किंवा वरचं दिसतंय का? पायथन प्रॉम्प्ट उघडून इम्पोर्ट केल्यावर काही न ओरडता पुढची ओळ आली का? दोन्ही झालं तरच पुढे.

## टप्पा १: जे येईल ते परत पाठवणारा सर्व्हर

चॅट विसरा. आधी असा सर्व्हर करा जो आलेला मेसेज तसाच परत पाठवतो.

सर्व्ह हे फंक्शन लायब्ररीच्या असिंकआयओ भागातल्या सर्व्हर मोड्यूलमधून इम्पोर्ट करा. एक असिंक हँडलर लिहा, त्याला एकच आर्ग्युमेंट, म्हणजे त्या एका माणसाचं कनेक्शन. आत असिंक-फॉर लूप, कनेक्शनमधून एकेक मेसेज घ्यायचा आणि अवेट लावून सेंड करायचा. मग एक असिंक मेन फंक्शन, त्यात असिंक-विथ लावून सर्व्ह बोलवा, हँडलर, लोकलहोस्ट आणि ८७६५ पोर्ट द्या, आणि आत सर्व्ह-फॉरेव्हरला अवेट करा. सगळ्यात खाली असिंकआयओचं रन. झालं.

हे डोक्यात पक्कं बसवा: हँडलर एकदाच लिहिलाय पण तो प्रत्येक माणसासाठी वेगळा चालतो. दहा जण आले तर दहा हँडलर एकाच वेळी आपापल्या लूपमध्ये उभे असतात. हँडलर संपला, मग तो नीट संपो की एररने, त्या माणसाचं कनेक्शन बंद. पुढच्या सगळ्या भानगडी या एका वाक्यातून निघतात.

दोन चुका नेहमीच्या. असिंक-विथच्या आत सर्व्ह-फॉरेव्हर लिहायचं राहिलं तर सर्व्हर चालू होऊन लगेच बंद पडतो, काहीही न सांगता. आणि सेंडपुढचा अवेट विसरला तर मेसेज जातच नाही, कन्सोलवर कोरुटीन कधी अवेट केली नाही अशी वॉर्निंग फक्त येते आणि ती कुणी वाचत नाही.

तपासा: दुसऱ्या टर्मिनलमध्ये पायथनला डॅश-एम लावून हीच लायब्ररी चालवा आणि पुढे डब्ल्यूएस ने सुरू होणारा पत्ता द्या. लायब्ररीतच छोटा क्लायंट आहे, टाईप करा, तेच परत यायला हवं.

सावधान: ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत लोकलहोस्ट आणि ८७६५ टाकून बघू नका. एरर दिसेल आणि वाटेल बिघडलं. ब्राउझर साधी एचटीटीपी विनंती करतो, सर्व्हर ४२६ उत्तर देऊन सांगतो की इथे वेबसॉकेट क्लायंट लागतो. म्हणजे उलट सर्व्हर ठणठणीत आहे. नीट जोडलं गेलं की उत्तर १०१ असतं, ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पुढे ते बघायला मिळेल.

## टप्पा २: मेसेजचा साचा कागदावर ठरवा

कोड लिहू नका, वही घ्या. वेबसॉकेट फक्त मजकुराचे किंवा बाइटचे तुकडे पोहोचवतो, त्या तुकड्याचा अर्थ काय हे तुम्हीच ठरवायचं. जेसन (डेटा मजकूर म्हणून लिहायची ठरलेली पद्धत) वापरा आणि प्रत्येक मेसेजमध्ये प्रकार नावाचं एक खानं ठेवाच.

पेजकडून सर्व्हरकडे दोनच प्रकार: आत-यायचंय, आणि बोलणं. सर्व्हरकडून पेजकडे पाच: जुने मेसेज, नवीन बोलणं, कुणी आलं, कुणी गेलं, आणि चूक झाली. एवढं पुरतं.

यात एक नियम मोडायचा नाही. बोलणाऱ्याचं नाव, वेळ आणि मेसेजचा क्रमांक सर्व्हरने लावायचा. पेजने प्रत्येक मेसेजसोबत नाव पाठवलं आणि सर्व्हरने ते तसंच पुढे ढकललं तर कुणीही दुसऱ्याच्या नावाने बोलू शकतो. प्रोजेक्ट बघणाऱ्या परीक्षकाला हे विचारायला फार आवडतं आणि विचारावंच त्यांनी.

सर्व्हरवर मेसेज वाचताना तीन गोष्टी गृहीत धरू नका. तो जेसन असेलच असं नाही, तेव्हा वाचण्याभोवती ट्राय लावा. जेसन असला तरी डिक्शनरी असेलच असं नाही, नुसता ५ हा आकडाही वैध जेसन आहे आणि त्याच्यावर गेट बोलवलं की हँडलर मेला. आणि डिक्शनरी असली तरी मजकूर खान्यात स्ट्रिंगच असेल असं नाही. तिन्ही तपासा, चुकलं तर चूक-प्रकारचा मेसेज परत पाठवा आणि लूप चालू ठेवा. हे केलं नाही तर एका वाकड्या मेसेजने त्या माणसाचं कनेक्शन १०११ कोडने (सर्व्हरच्या आत चूक झाली) तुटतं.

मराठीसाठी एक बारीकशी गोष्ट: पायथनचं जेसन-डम्प्स मूळ सेटिंगमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचं सहा अक्षरी एस्केप करतं. पोहोचल्यावर ते बरोबरच दिसतं, पण यूटीएफ-८ मध्ये तेच चिन्ह ३ बाइटमध्ये मावतं, म्हणजे दुप्पट डेटा जातोय आणि लॉग तर वाचताच येत नाही. एन्शुअर-ॲस्की फॉल्स करा.

## टप्पा ३: आला कोण, गेला कोण

हा सगळ्यात मोठा टप्पा आहे, घाई करू नका. इथे अजून बोलणं पाठवायचं नाहीये, फक्त नोंद ठेवायचीय.

वर ग्लोबल डिक्शनरी ठेवा, की म्हणून कनेक्शन आणि व्हॅल्यू म्हणून नाव. हँडलरमधला क्रम असा:

१. पहिल्या मेसेजची वाट बघा, पण जास्तीत जास्त १० सेकंद, त्यासाठी वेट-फॉर आहे. नुसता जोडून गप्प बसणारा क्लायंट कायमचा नको.

२. पहिला मेसेज आत-यायचंय प्रकारचा आहे का, नाव रिकामं नाही ना, फार लांब नाही ना, आधीच कुणी घेतलेलं नाही ना, ते बघा. घेतलेलं असेल तर स्वतःचा कोड देऊन बंद करा, ४००० ते ४९९९ हे आकडे ॲप बनवणाऱ्यांसाठीच मोकळे ठेवलेत. मी ४००१ वापरतो.

३. डिक्शनरीत नोंद करा, आणि त्याच दमात जुन्या मेसेजची प्रत काढून ठेवा.

४. ट्राय सुरू. जुने मेसेज पाठवा, इतरांना "आला" सांगा, मग असिंक-फॉर लूप.

५. फायनलीमध्ये डिक्शनरीतून काढा आणि इतरांना "गेला" सांगा.

यात दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये एकही अवेट येता कामा नये. असिंकआयओमध्ये एका हँडलरकडून दुसऱ्याकडे ताबा जातो तो फक्त अवेटच्या जागी. नाव मोकळं आहे असं बघितलं, मग मध्येच अवेट करून काहीतरी पाठवलं, तेवढ्यात दुसरा तेच नाव घेऊन आत, आणि आता खोलीत एकाच नावाचे दोन. अशी चूक शंभरात एकदा होते म्हणून सापडत नाही आणि नेमकी डेमोच्या दिवशी होते. जुन्या मेसेजची प्रत नोंदीसोबतच घ्यायला सांगितलं तेही याचसाठी: आधी जुने मेसेज पाठवून मग नोंद केली तर त्या पाठवण्याच्या अवेटमध्ये आलेला मेसेज या माणसाला कधीच मिळत नाही.

आता फायनलीच का, लूपच्या खाली साध्या ओळीत का नाही, हे समजून घ्या कारण इथेच सगळे चुकतात. टॅब नीट बंद केला की ब्राउझर १००१ कोड पाठवतो, लूप शांतपणे संपतो आणि खालची ओळ चालते. म्हणून टेस्ट करताना सगळं छान वाटतं. पण कनेक्शन धड निरोप न घेता तुटलं, म्हणजे नेट गेलं, बॅटरी संपली, लिफ्टमध्ये शिरला, की असिंक-फॉर लूप संपत नाही, एक्सेप्शन फेकतो, आणि खालची ओळ कधीच चालत नाही. तो माणूस यादीत अडकला. फायनली दोन्ही वेळेला चालतं. कनेक्शन-क्लोज्ड एक्सेप्शन ट्रायला जोडून पकडा म्हणजे लॉगमध्ये उगाच लांबलचक ट्रेसबॅक येणार नाही, पण सगळीच एक्सेप्शनं गिळून टाकू नका, तुमच्या स्वतःच्या चुका मग कशा दिसणार.

काढताना पॉप वापरा आणि नसेल तर नन द्या. नन आलं तर "गेला" असं सांगायचं नाही. याचा पुढे सहाव्या टप्प्यात मोठा उपयोग आहे.

नावाबद्दल: मराठी नावाची लांबी पायथन वेगळी मोजतो. "श्री" आपल्याला एक अक्षर दिसतं, पण लेन विचारलंत तर ४ येतं, श, हलन्त, र आणि वेलांटी. १० चा लिमिट ठेवला तर साधी नावंही बसत नाहीत, ४० ठेवा. आणि जास्त झालं तर कापू नका, नाकारा, कापलं की मात्रा तुटून भलतंच नाव तयार होतं. दोन नावं सारखी आहेत का बघण्याआधी युनिकोडडेटाच्या नॉर्मलाइझने एनएफसी करून घ्या, कारण "कऱ्हाड" मधला ऱ दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो, एक सलग चिन्ह म्हणून किंवा र आणि नुक्ता मिळून, डोळ्याला फरक शून्य आणि पायथनला दोन वेगळी नावं.

तपासा: प्रत्येक नोंदीनंतर आणि प्रत्येक पॉपनंतर डिक्शनरीतली नावं प्रिंट करा. तीन टर्मिनलमधून जोडा. एक नीट बंद करा, एकाचा प्रोसेस जबरदस्तीने मारा, तिसऱ्याला चुकीचं जेसन पाठवायला लावा. तिन्हीनंतर यादी बरोबर दिसली पाहिजे. दिसली नाही तर पुढे जाऊ नका, पुढे हीच चूक दहापट गुंतागुंतीची होऊन भेटेल.

## टप्पा ४: सगळ्यांना पाठवणं

सगळ्यांच्या मनात पहिला येतो तो मार्ग म्हणजे फॉर लूप लावून प्रत्येकाला अवेट सेंड. यात दोन खड्डे आहेत. एकाचं नेट रडतखडत चालत असेल तर त्याचं पाठवून होईपर्यंत बाकी सगळे ताटकळतात. आणि लूप मध्येच अवेटवर थांबलेला असताना कुणी आला-गेला की डिक्शनरीचा आकार बदलतो आणि रनटाइम एरर येतो. तिसरा टॅब बंद केल्यावर येणारी ती लाल अक्षरं बहुतेक वेळा हीच असतात.

लायब्ररीत ब्रॉडकास्ट नावाचं फंक्शन याचसाठी दिलंय, सर्व्ह जिथून घेतलं तिथूनच ते इम्पोर्ट होतं. त्याला कनेक्शनांची यादी आणि मेसेज द्या. ते साधं फंक्शन आहे, असिंक नाही, म्हणून पुढे अवेट लावायचा नाही. लावलात तर ननला अवेट करता येत नाही असा एरर येईल आणि गंमत म्हणजे तोपर्यंत मेसेज गेलेलाही असेल, त्यामुळे लोक भलतीकडेच शोधत बसतात. ते कुणाची वाट बघत नाही, बंद झालेल्यांना गाळतं. हळू क्लायंटचे मेसेज मात्र मेमरीत साठत जातात जोपर्यंत तो वाचत नाही किंवा पिंगला (जिवंत आहेस का हे विचारणारा सर्व्हरचा छोटा इशारा) उत्तर न दिल्यामुळे कापला जात नाही. आपल्या आकाराच्या चॅटला हे चालतं.

जुन्या मेसेजसाठी कलेक्शन्समधलं डेक घ्या, मॅक्सलेन ५०. एक्कावन्नावा आला की पहिला आपोआप पडतो. सर्व्हर बंद केला की हे जाणार, हे मान्य करून चाला. कायमचं हवं असेल तर एसक्यूलाइट जोडा, पण पुढची सूचना वाचून.

सावधान: सगळे हँडलर एकाच धाग्यावर चालतात. त्यात टाइम-स्लीप, रिक्वेस्ट्स लायब्ररीने नेटवरून काही आणणं, इनपुट, किंवा डेटाबेसची लांब क्वेरी आली की सगळी खोली एकदम गोठते. झोपायचं असेल तर असिंकआयओचं स्लीप. बाकी अडवणारं काम टू-थ्रेडमध्ये टाका. सगळे एकाच वेळी अडकतात आणि एकाच वेळी सुटतात असं दिसलं तर अडवणारी ओळ शोधा, नेटला दोष देऊ नका.

## टप्पा ५: आता पेज

एकच एचटीएमएल फाईल, फ्रेमवर्क नको. डबल क्लिक करून उघडू नका, कारण मग ब्राउझर ओरिजिन (पेज कुठून आलं तो पत्ता) म्हणून खरा पत्ता न पाठवता बहुतेक वेळा नल पाठवतो आणि सातव्या टप्प्यात आपण ते अडवणार आहोत. दुसऱ्या टर्मिनलमध्ये पायथनचा एचटीटीपी सर्व्हर ८००० पोर्टवर चालवा आणि तिथून उघडा. म्हणजे दोन सर्व्हर झाले, ८००० पेज देतो, ८७६५ गप्पा सांभाळतो. हे दोन पोर्ट उलटसुलट करणं ही इथली सगळ्यात कॉमन चूक.

जावास्क्रिप्टमध्ये वेबसॉकेट ऑब्जेक्ट बनवल्या बनवल्या सेंड करू नका, तो अजून जोडतोय. ओपन इव्हेंट आल्यावरच आत-यायचंय मेसेज पाठवा, आणि पाठवा बटण तोवर बंद ठेवा.

आलेला मजकूर पेजवर दाखवताना टेक्स्ट-कंटेंट वापरा, इनर-एचटीएमएल अजिबात नाही! कुणी मेसेजमध्ये इमेजचा टॅग आणि त्यात एरर-हँडलर लिहून पाठवला की खोलीतल्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये त्याचा कोड चालतो. नावालाही हाच नियम, लोक मेसेज सांभाळतात आणि नाव विसरतात.

एंटर दाबल्यावर पाठवण्यात आपल्यासाठी खास गोची आहे. फोनेटिक कीबोर्डने मराठी टाईप करताना एंटर हा बऱ्याचदा शब्द निवडण्यासाठी दाबला जातो. तुमचा कोड तोच एंटर पाठवण्याचा समजतो आणि अर्धवट वाक्य निघून जातं. की-डाउनमध्ये इव्हेंटचं इज-कंपोझिंग खरं असेल तर काहीही करू नका. ज्यांनी ॲप फक्त इंग्रजीत टाईप करून तपासलं त्यांना हे कधीच दिसत नाही.

तपासा: नेटवर्क टॅबमध्ये १०१ दिसतंय? मेसेजेसच्या उपटॅबमध्ये जाणारं-येणारं जेसन तुमच्या वहीतल्या साच्यासारखं आहे? मराठीत एक पूर्ण वाक्य फोनेटिकने टाईप करून बघा.

## टप्पा ६: नेट तुटतंच

ब्राउझरचा वेबसॉकेट स्वतःहून परत जोडत नाही. क्लोज इव्हेंट आला की १ सेकंदाने प्रयत्न, मग २, ४, ८ असं वाढवत ३० वर थांबा, आणि प्रत्येक वेळी थोडा रँडम वेळ मिसळा. नाहीतर सर्व्हर रीस्टार्ट झाला की सगळे एकाच क्षणी धडकतात. जोडलं गेलं की थांबायचा वेळ परत १ करा. ४००१ कोड आला तर परत प्रयत्न नाही, नवीन नाव मागा.

आता खरी मेख. सर्व्हर दर २० सेकंदांनी पिंग पाठवतो आणि उत्तरासाठी आणखी २० सेकंद थांबतो, हे लायब्ररीचे मूळ आकडे. म्हणजे एखाद्याचा फोन वायफायवरून मोबाईल डेटावर गेला तर जुनं कनेक्शन मेलंय हे सर्व्हरला कळायला ४० सेकंदांपर्यंत लागू शकतात. फोन मात्र २ सेकंदांत नव्या कनेक्शनवरून हजर होतो, आणि सर्व्हर त्याला सांगतो, हे नाव घेतलेलं आहे. माणूस स्वतःच्याच नावाने बाहेर! मला पहिल्यांदा हे कळायला अख्खी संध्याकाळ लागली होती.

उपाय टोकनचा. पहिल्यांदा आत घेताना सर्व्हरने सीक्रेट्स मोड्यूलमधून एक रँडम टोकन बनवून त्या माणसाला द्यायचं आणि नावासोबत लक्षात ठेवायचं. पेज ते सेशन-स्टोरेजमध्ये ठेवतं आणि परत जोडताना सोबत पाठवतं. नाव घेतलेलं आहे पण टोकन जुळतं, तर जुनं कनेक्शन डिक्शनरीतून काढा, नवं त्याच्या जागी बसवा, आणि या वेळी इतरांना "आला" सांगू नका. आता जुन्याचा हँडलर नंतर कधीतरी संपेल, फायनली चालेल, पॉप नन देईल आणि "गेला" ही खोटी बातमी जाणार नाही. तिसऱ्या टप्प्यातला नियम इथे कामाला आला.

जुनं कनेक्शन बंद करताना तिथेच अवेट लावून थांबू नका. पलीकडे कुणीच नसल्यामुळे क्लोज १० सेकंद वाट बघत बसेल. क्रिएट-टास्कने बाजूला सोडा आणि टास्कचा संदर्भ एका सेटमध्ये धरून ठेवा.

सावधान: लोक सारखे कापले जातात म्हणून पिंग बंद करून टाकायचा सल्ला ठिकठिकाणी मिळतो. करू नका. पिंग नसला तर मेलेली कनेक्शनं कुणी काढतच नाही. पिंगला उत्तर ब्राउझर स्वतः देतो, तुमच्या जावास्क्रिप्टला त्यात काही करावं लागत नाही, तेव्हा टाइमआउट वारंवार येत असेल तर बहुतेक सर्व्हरवरच काहीतरी लूप अडवून बसलंय.

## टप्पा ७: परक्यांना आवर

तीनच गोष्टी, पटापट.

ओरिजिन: वेबसॉकेटला ब्राउझरची नेहमीची क्रॉस-ओरिजिन बंधनं लागू होत नाहीत, कुठलंही पेज तुमच्या सर्व्हरला जोडू शकतं. सर्व्हला ओरिजिन्सची यादी द्या, त्यात फक्त तुमच्या पेजचा पत्ता, पोर्टसकट.

आकार: मूळ मर्यादा १ एमआयबी आहे, चॅटला फार झाली. मॅक्स-साइझ १६ हजार बाइटच्या आसपास ठेवा. मराठी मजकूर इंग्रजीच्या सुमारे तिप्पट जागा घेतो म्हणून त्याहून फार खाली जाऊ नका. ओलांडली तर कनेक्शन १००९ ने बंद होतं, तेव्हा पेजवरही आधीच अडवा.

वेग: प्रत्येकाच्या शेवटच्या ५ मेसेजची वेळ ठेवा, ५ सेकंदांत ५ पेक्षा जास्त आले तर चूक-मेसेज पाठवा आणि तो मेसेज टाकून द्या.

लॉगिन जोडणार असाल तर लक्षात घ्या, ब्राउझरच्या वेबसॉकेटमधून स्वतःचे हेडर लावता येत नाहीत. टोकन पहिल्या मेसेजमध्ये पाठवा. पत्त्यात चिकटवलंत तर ते सर्व्हरच्या लॉगमध्ये उघडं पडतं.

## टप्पा ८: फोनवर आणि खऱ्या सर्व्हरवर

घरच्या वायफायवर फोनमधून बघायचं तर सर्व्हला लोकलहोस्टऐवजी ०.०.०.० द्या आणि पेजमध्ये पत्ता ठोकून लिहू नका, लोकेशनच्या होस्टनेमवरून बनवा. फोनसाठी लोकलहोस्ट म्हणजे फोनच. ओरिजिन्सच्या यादीत लॅपटॉपचा आयपी असलेला पत्ताही घाला, हे हमखास विसरतं. तरी जोडत नसेल तर आधी लॅपटॉपची फायरवॉल बघा. हॉस्टेल-कॉलेजच्या वायफायवर बऱ्याचदा एक डिव्हाइस दुसऱ्याला दिसूच देत नाहीत, तिथे कोड बदलत बसू नका, फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडा.

खऱ्या डोमेनवर पेज एचटीटीपीएसने येत असेल तर वेबसॉकेटही डब्ल्यूएसएसच हवा, साधा डब्ल्यूएस ब्राउझर अडवतो. सर्टिफिकेट पायथनमध्ये घालू नका, पुढे एन्जिनएक्स (विनंत्या घेऊन मागच्या सर्व्हरकडे पोहोचवणारा वेब सर्व्हर) ठेवा. त्यात प्रॉक्सीचं एचटीटीपी व्हर्जन १.१ आणि अपग्रेड व कनेक्शन हे दोन हेडर पुढे पाठवायच्या ओळी लागतात, या तीन ओळींशिवाय १०१ कधीच येणार नाही. त्याचा वाचण्याचा टाइमआउट मूळचा ६० सेकंदांचा असतो पण आपला पिंग दर २० सेकंदांनी जातोय तेव्हा तो आड येत नाही. पिंग बंद केलेल्यांचं चॅट बरोबर एका मिनिटाने का तुटतं याचं उत्तरही तेच.

प्रोसेस एकच चालवा. वेग वाढवायला चार वर्कर लावलेत तर चार वेगळ्या डिक्शनऱ्या होतात, म्हणजे चार वेगळ्या खोल्या, आणि एका खोलीतल्याला बाकी तीन खोल्यांतले दिसत नाहीत. खरंच गरज पडली तर मध्ये रेडिसचं पब-सब (वेगवेगळ्या प्रोसेसना मेसेज वाटून देणारी सोय) घालावं लागतं, पण ते नंतर.

शेवटची तपासणी, याच क्रमाने: तीन फोन जोडा. एकाला फ्लाइट मोडवर टाका आणि घड्याळ लावा, मिनिटाभराच्या आत बाकीच्यांना "गेला" दिसलं पाहिजे. परत चालू करा, तोच माणूस त्याच नावाने आत आला पाहिजे आणि मधले मेसेज त्याला मिळाले पाहिजेत. आता दुसऱ्याला वायफायवरून मोबाईल डेटावर न्या (हे खऱ्या डोमेनवरच जमेल, घरचा लॅपटॉप मोबाईल डेटावरून दिसत नाही), आला-गेल्याची खोटी बातमी येता कामा नये. मग सर्व्हर बंद करून चालू करा आणि कुठल्याही फोनला हात न लावता तिघेही परत आत येतात का ते बघा.

यातलं एखादं फसलं तर नवीन कोड घालायच्या आधी तिसऱ्या टप्प्यातलं ते प्रिंट परत चालू करा आणि यादी डोळ्यांनी बघा.